पोच घेतली काय?

डाव्या हाताचा तळवा पसरायचा, उजव्या हाताची मूठ वळायची आणि ती तळव्यावर धप्पकन आपटायची. म्हणजे शिक्का बसला. मग मान जराशी वाकडी करून विचारायचं, "पोच घेतली काय?"

आमच्या कार्यालयात अर्ज घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला मामांनी हे विचारलेलं आहे. सरकारी कचेरीत तुम्हीही कधी ना कधी गेला असाल, तेव्हा पोच म्हणजे काय हे सांगायला नको. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एक खिडकीत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेऊन ती घरी आणायची. ही दुसरी प्रत हातात नसेल, तर अर्ज दिलाच नाही असं समजावं, हे मामांचं ठाम मत. "तोंडी बोललेलं पंख्यानं उडून जाते जी," असं म्हणून ते वर बघायचे. आमच्या हॉलमधले पंखे उन्हाळ्यात एवढी गरम हवा फेकत, की त्यात काय काय उडून गेलं असेल याचा मी कधी हिशेब लावला नाही.

एकदा आमच्यातलाच एक जण लग्नाच्या पत्रिका वाटत होता. मामांनी पत्रिका घेतली, उलटसुलट केली आणि त्याला म्हणाले, "पोच देऊ काय?" त्यानेही हौसेने वही पुढे केली. मामांनी सही केली, खाली "पत्रिका एक, मिळाली" असं लिहिलं आणि लग्नात जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच ओळीखाली "जेवण झाले" अशी नोंद केली.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. ऑफिसात ते सगळ्यांचे मामा होते, साहेबांचेसुद्धा. हुद्दा चेनमनचा, म्हणजे जमीन मोजताना टेपचं शून्याचं टोक धरणारा माणूस. दुसरं टोक माझ्याकडे. शहरात नवे रस्ते कुठून जातील, बाग कुठे, शाळा कुठे, कुठल्या शेताचे प्लॉट होतील, याचे नकाशे आम्ही काढत होतो. मी कागदावर रेघ मारायचो आणि मग ती रेघ जमिनीवर कुठे येते हे बघायला आम्ही दोघं उन्हात निघायचो. खांबाआडून, नाल्यापलीकडून, कुणाच्या तरी संडासामागून मामांची हाक यायची, "झिरो धरला, साहेब!" ती आली की मी आकडा वाचायचो. वीस वर्षांत एकदाही त्यांचा झिरो सरकलेला मला आठवत नाही. माझ्या आकड्यांबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येणार नाही.

रस्त्यात येणाऱ्या घरांवर लाल खूण करायचं कामही त्यांच्याकडे होतं. दुसरे चेनमन ब्रश घ्यायचे, भिंतीवर फराटा ओढायचे आणि शिव्या सुरू व्हायच्या आत पुढच्या गल्लीत जायचे. मामा आधी कडी वाजवायचे. घरातली बाई बाहेर आली की हातातला डबा खाली ठेवून म्हणायचे, "बाई, एक खूण करून राहिलो. रागावू नका." मग रस्ता किती रुंद होणार, घर किती जाणार, हे सगळं समजावायचे. शुभ-लाभवर त्यांनी कधी खूण केली नाही. मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा असतील तिथे केली नाही. मीटरच्या पेटीखाली, पाइपाच्या मागे अशी जागा शोधायचे. नियमाप्रमाणे खूण ठळक दिसायला हवी होती. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, "तुमाले दिसली ना जी? बस. त्याइले रोज पाहाची आहे."

आणि शेवटी न चुकता सांगायचे, "मनातल्या मनात कुढू नका. मुदतीच्या आत हरकत द्या. लिहून द्या. आन् पोच घ्या." धप्प.

एका बाईने एकदा त्यांच्या अंगावर बादलीभर पाणी फेकलं. मे महिना होता. मामा निथळत उभे राहिले आणि म्हणाले, "बरं झालं वं बाई, जीव थंडा झाला." ती बाई आधी रडली, मग हसली आणि मग चहा ठेवायला आत गेली. ज्या घरांवर आम्ही खुणा केल्या, त्या घरांत मी किती चहा प्यालो असेन! तो सगळा मामांच्या वाट्याचा होता, मी आपला बरोबर होतो म्हणून मला मिळाला.

याच काळात मला प्रशिक्षणासाठी आठवडाभर सिंगापूरला पाठवलं. एका शहराएवढा देश, जागा इवलीशी, माणसं दाटीवाटीने, आणि तरी सगळं आखल्यासारखं. आखलेलंच होतं म्हणा. मी भारावून परत आलो. ऑफिसात सगळ्यांना फोनवर फोटो दाखवत सुटलो. सरळसोट रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, कुठे एक वाकडी भिंत नाही. मामांनी फोटो एकेक करून नीट पाहिले.

"तिथं बी चेनमन असन काय जी?"

"तिथे सगळं कॉम्प्युटरवर असतं, मामा."

"मंग घरातल्या बाईले कोण सांगते?"

"तिला कॉम्प्युटरवर दिसतं."

मामांनी थोडा विचार केला. "मंग कॉम्प्युटरले चहा कोण पाजते?"

हॉलमधले सगळे हसले, मीही हसलो. मात्र मनात म्हटलं, यांना काय कळणार.

त्या भारावलेल्या दिवसांत मी एक रेघ मारली. सक्करदऱ्याच्या पुढे एका जुन्या लेआऊटजवळ, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीजवळ, एक प्रस्तावित रस्ता वळण घेत जात होता. आमच्या आधीच्या कुणी तरी ते वळण ठेवलं होतं. का ठेवलं, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. मला ते डोळ्यात खुपलं. मी पट्टी लावली आणि रस्ता सरळ केला. लेआऊटमधली गल्ली रुंद करायची, दोन्ही बाजूंनी सारखी जागा घ्यायची. नकाशावर तो रस्ता काय सुरेख दिसत होता! वरच्या साहेबांनीसुद्धा त्यावर बोट फिरवून "छान" म्हटलं.

नकाशा जाहीर झाला, हरकतींची मुदत सुरू झाली, आणि त्या आठवड्यात मामा माझ्या टेबलापाशी आले. त्या लेआऊटमध्येच त्यांचं घर होतं.

वीस वर्षं मी त्यांच्याबरोबर उन्हात फिरलो. ते कुठे राहतात हे मला ठाऊक नव्हतं. सक्करदऱ्याकडून येतात एवढंच माहीत होतं. मी राहतो रामदासपेठेत. तिथले रस्ते केव्हाच ठरून गेले आहेत, कुणी लाल रंगाचा डबा घेऊन आमच्या दारी येत नाही.

त्यांच्याबरोबर मी त्यांच्या घरी गेलो. गल्लीच्या डाव्या हाताला ओळीने अकरा घरं. उजव्या हाताला एक मोकळा प्लॉट, त्यात पाण्याने भरलेली एक विहीर, आणि विहिरीला लागून मामांचं एकट्याचं घर. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर कूलर, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. जुनं वळण कशासाठी होतं ते मला विहीर पाहिल्यावर कळलं. ज्याने कुणी ते काढलं होतं, तो इथे येऊन गेला असणार. मी आलोच नव्हतो.

मामींनी चहा दिला. मामांनी टेप काढला नाही, नुसती पावलं टाकली. "आपली समोरची खोली जाते जी," ते म्हणाले. "मागची राहते."

पुढचे दोन आठवडे मामांनी समोरच्या अकरा घरांच्या हरकती लिहिल्या. त्यांचं अक्षर गोल आणि सुटं. प्रत्येक घराचा मजकूर वेगळा. एकात आजारी सासू, एकात शिलाई मशीन, एकात नुकतंच बांधलेलं स्वयंपाकघर. अकरा जणांना त्यांनी खिडकीपाशी रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाची पोच स्वतः तपासली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. हातात चौघडी घातलेला कागद होता.

"साहेब, माझी बी हरकत लिवली. पण नोकरीत राहून ऑफिसच्या नकाशाले हरकत देणं बराबर होईन काय?"

आता मी काय सांगायला हवं होतं, ते तुम्हाला कळतं आहे. मलाही आज कळतं. तेव्हा मला आधी ते अवघडच वाटलं. रेघ माझी, चेनमन माझा आणि त्याचीच हरकत. वर विचारलं असतं, जागेवर जाऊन पाहिलं होतं का? माझी बढतीची फाइल त्याच महिन्यात हलत होती. मी म्हणालो, "कशाला मामा? बरं दिसत नाही ते. ठेवा खिशात. सुनावणीत नकाशा मीच दाखवणार आहे. तुमच्या बाजूचं मी सांगतो. मी आहे ना."

ते जरा घुटमळले. मग सवयीने म्हणाले, "मंग पोच?"

मी हसलो. डावा तळवा पसरला आणि त्यावर मूठ आपटली, धप्प. "ही घ्या पोच."

मामाही हसले. कागद त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिसा वरून थोपटला. खिडकी बंद व्हायला अजून दीड तास होता.

सुनावणी एका लांबट खोलीत होती. टेबलापलीकडे समिती, अलीकडे नकाशा घेऊन मी. दारावर मामा. ते नंबर पुकारायचे, माणसांना आत सोडायचे, पाणी द्यायचे. अकरा घरांचा नंबर आला तेव्हा अकराही जण एकदम आत आले. आजारी सासूसुद्धा खुर्चीत बसून आली होती. अध्यक्ष भला माणूस होता. त्यांनी सगळे अर्ज वाचले, चष्मा काढला आणि मला विचारलं, "हा रस्ता पूर्ण उजवीकडे सरकवला तर? उजव्या बाजूला काय आहे?"

"एक मोकळा प्लॉट, सर. एक विहीर. एक घर."

"त्या बाजूने हरकत आहे का कुणाची?"

रजिस्टर माझ्या हातात होतं. मी पान उलटलं. मला रजिस्टरचं विचारलं होतं, मी रजिस्टरचं उत्तर दिलं.

"नाही, सर."

बोलायचं होतं हो. अगदी ओठांवर होतं. पण अर्ज नसलेल्या माणसाबद्दल बोलायचं, तर तो अर्ज का नाही हेही सांगावं लागणार होतं. पुढे कुठल्या तरी टप्प्यावर बघू, असं मी स्वतःला सांगितलं. अध्यक्षांनी नकाशावर पेन्सिलने खूण केली. अकरा जणांनी हात जोडले. सासूबाईंनी तर सगळ्या समितीला आशीर्वाद दिला.

मामा दाराची कडी धरून उभे होते. खोली काही एवढी मोठी नव्हती, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शांतपणे, झिरो धरून माझ्या आकड्याची वाट बघताना पाहायचे तसं. मी रजिस्टरात बघितलं. मग त्यांनी दार उघडलं आणि बाहेर तोंड करून पुकारलं, "पुढचा नंबर!"

पुढचा टप्पा वगैरे काही आला नाही. मी एकदा वरच्या साहेबांपाशी विषय काढला, तोंडीच. ते म्हणाले, "आता कागद वर गेला." माझी बढती झाली. मामांनी पेढा घेतला, अभिनंदन केलं. त्यांच्या वागण्यात कसलाही फरक पडला नाही. अर्ज घेऊन येणाऱ्यांना ते पूर्वीसारखंच विचारायचे, "पोच घेतली काय?" पण तळव्यावर मूठ आपटणं बंद झालं. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं.

रस्ता मंजूर झाला आणि नव्या रेघेप्रमाणे पक्क्या खुणा करायचा दिवस आला. मी दुसरा चेनमन देतो म्हणालो. मामा म्हणाले, "काहून? माझंच काम आहे."

आम्ही गेलो. त्यांनी स्वतःच्याच दाराची कडी वाजवली. मामी बाहेर आल्या. मामांनी हातातला डबा खाली ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "एक खूण करून राहिलो. रागावू नका."

मला वाटलं मामी रडतील किंवा ओरडतील, आणि माझ्यावर ओरडतील तर बरंच, असंही वाटलं. त्या दारातून बाजूला झाल्या. मामा ब्रश घेऊन भिंतीसमोर उभे राहिले. वर पाहिलं, खाली पाहिलं. दुसऱ्यांच्या भिंतीवर त्यांना पटकन जागा सापडायची, इथे सापडेना. ब्रशवरून रंग ओट्यावर ठिबकायला लागला. तेव्हा मामी पुढे आल्या, कूलर दोन्ही हातांनी बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "इथं करा जी. कूलर लावला का मंग दिसत नाही."

त्यांनी तिथे खूण केली. मामींनी कूलर परत जागेवर ठेवला आणि चहा विचारला. मी नको म्हणालो. त्या सबंध नोकरीत खूण केलेल्या घरातला नाकारलेला तो एकच चहा.

घर पूर्ण गेलं. मोबदला नियमात बसला तेवढा मिळाला, बराच उशिरा. मामा कामठीला मुलीच्या शेजारी खोली घेऊन राहिले. तिथून शेअर ऑटोने यायचे आणि मस्टरवर सही वेळेत करायचे. दोन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या झिरोबद्दल बोललो. टाळ्या पडल्या.

मी स्वतः निवृत्त झाल्यावर एकदा कामठीला गेलो. ठरवून गेलो होतो, माफी मागायला. त्यांच्या खोलीला लागून यंत्रमाग होते. खटखट, खटखट, एक क्षण थांबत नव्हते. मामा खाटेवर बसले होते, वाळले होते, पण मला बघून उठले. इकडचं तिकडचं ओरडून ओरडून बोलून झालं. मग मी खुर्ची पुढे घेतली आणि म्हणालो, "मामा, त्या सुनावणीत मी..."

त्यांनी कानाला हात लावला. "काय म्हणता?"

"त्या सुनावणीत," मी आवाज चढवला, "मी बोलायला हवं होतं."

"ऐकू नाही येऊन राहिलं जी!" मामा हसले. मागांकडे हात केला आणि म्हणाले, "तोंडी काहून सांगता? लिहून द्या!"

मीही हसलो. चहा आला, तो घेतला आणि निघालो. माफी ओरडून मागता येत नाही, असं मी बसमध्ये स्वतःला समजावत होतो. पुढच्या वेळी खरंच लिहून नेऊ, असंही म्हटलं. पण त्यांना ऐकू आलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढची वेळ आली ती मामा गेल्यावर. मला बातमी आठ-दहा दिवसांनी कळली. गेलो तेव्हा माग तसेच चालू होते. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. तसबिरीतल्या बुद्धाच्या खाली मामांचा एक ओळखपत्रावरून मोठा केलेला फोटो होता. थोडा वेळ बसलो. मग मामी उठल्या, कागदांची एक पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पेन्शनचे कागद आहेत. पाहून द्या ना साहेब, कोणते लागतात."

मी एकेक कागद काढून बघू लागलो. आधार, बँकेचं पुस्तक, आता नसलेल्या घराची वीजबिलं. आणि त्यांच्यात चौघडी घातलेला तो कागद. घड्यांवर तो खिशात राहून राहून झिजला होता. दोन प्रती होत्या.

इतरांच्या हरकती त्यांनी पानपानभर लिहिल्या होत्या. स्वतःची चार ओळींची. "सदर रस्त्यात माझे राहते घर जात आहे. पूर्वीच्या नकाशात येथे वळण होते. ते वळण कायम ठेवावे व माझे घर वाचवावे, ही नम्र विनंती." खाली सही. आणि दुसऱ्या प्रतीवर, अगदी तळाशी, स्वतःच्या गोल अक्षरात त्यांनी "पोच" असं लिहून पुढे जागा कोरी सोडली होती.

मामी बघत होत्या. मी खिशातून पेन काढलं. त्या कोऱ्या जागेत "मिळाला" असं लिहिलं. खाली माझी सही केली आणि तारीख घातली, त्या दिवसाचीच. जुनी घालायचा मोह झाला होता, खोटं बोलत नाही.

कागद मी मामींच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला आणि बोट फिरवत सगळा वाचला, तारखेपर्यंत.

"उशीर केला साहेब," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी घडीवर घडी घालून तो कागद पुन्हा पिशवीत ठेवला, वीजबिलांच्या मध्ये, आणि चहा ठेवायला उठल्या.